अपुऱ्या खेळाची खरेदी

संगणकावरचे खेळ विकत घ्यायचे की नाही हे ठरवताना माझ्या नोकरीची शेवटची काही वर्षं धास्तीत गेली, असं सांगितलं की लोक हसतात. पन्नाशी ओलांडलेली बाई, वर्ध्यातली नोकरी आणि धास्ती कशाची, तर व्हिडिओ गेमची! मीही आता थोडी हसते. त्या वेळी मात्र हसू येत नव्हतं.

मी एका न्यासाच्या पुनर्वसन केंद्रात ऑक्युपेशनल थेरपिस्ट होते. या पदाचं नाव ऐकून लोक मला नोकरी लावून देणारी बाई समजत. एकाने तर मुलाची गुणपत्रिका आणून दिली होती. काम असं असतं : फिजिओथेरपीवाले हात हलता करतात, तो हात ज्याच्यासाठी हवा, ते काम आम्ही पाहतो. गुंडी लावणं, भाकर मोडणं, सही करणं. आमच्याकडे बहुतेक माणसं लकवा मारलेली येत. मेंदूतला रस्ता बंद पडला की नवा रस्ता पाडावा लागतो, आणि तो एकच हालचाल हजारदा केल्याशिवाय पडत नाही. फळीच्या भोकांत खुंट्या घालायला दिल्या की माणूस वीस खुंट्यांत कंटाळतो. खेळात तोच अंगठा चारशे वेळा हलतो आणि त्याला पत्ता लागत नाही. एका देणगीतून संगणक आणि हाती धरायचे दोन कंट्रोलर आले, आणि मी या भानगडीत पडले.

अडचण अशी की बाजारातले तयार खेळ धडधाकट बोटांसाठी असतात. गोळ्या झाडा, उड्या मारा, घड्याळ चालू. आमच्या माणसाचा अंगठा कंट्रोलरवरच्या दांडीपर्यंत जाईपर्यंत तो खेळात तीनदा मेलेला असे. सावकाशीचे, शांत खेळ एकट्यादुकट्या माणसांनी बनवलेले, आणि त्यातले बरेचसे अपुरे असतानाच विकायला ठेवलेले. याला अर्ली ॲक्सेस म्हणतात. खेळ पुरा झालेला नसतो, जेवढा झाला तेवढा आजच घ्या, तुमच्या पैशावर आम्ही पुढचा बनवू, असा तो व्यवहार. दुकानाच्या पानावर तशी सूचना असते : हा खेळ यापुढे बदलेल किंवा न बदलेल, आज आहे तसा पसंत नसेल तर थांबा. सूचना अगदी सरळ आहे. ती वाचून न वाचल्यासारखं करणारी मी काही एकटी नसेन.

पहिल्या खेपेला मी फसले ती रामदासच्या पायी. रामदास जाम गावाच्या चौरस्त्यावर एका ढाब्यात रोट्या करायचा. उजवा हात गेला होता. मला स्वयंपाकाचा एक खेळ सापडला, त्यात भाज्या चिरणं होतं, ढवळणं होतं, आणि 'लवकरच' या यादीत दोन्ही हातांनी रोटी लाटणं होतं. मी त्या लवकरचवर खेळ घेतला. शिवाय रामदासला सांगून बसले. मग तो दर गुरुवारी आला की आधी विचारायचा, "म्याडम, लाटणं आलं का?" मी म्हणायची, येईल. बनवणाऱ्यांनी दोनदा कळवलं, काम चालू आहे. मग कळवणंच बंद झालं. आठ-नऊ महिन्यांनी रामदासने विचारणं सोडलं, आणि मला ते विचारण्यापेक्षा जास्त लागलं. आमचे व्यवस्थापक काळे साहेब कमी बोलायचे. त्यांनी पावती पाहून एवढंच विचारलं, "बाई, तुम्ही वस्तू घेतली का वचन घेतलं?"

त्यानंतर मी शहाणी झाले, निदान तसं मला वाटलं. पुढची यादी वाचायचीच नाही, आज खेळात काय आहे तेवढंच पाहायचं. शेवटची दुरुस्ती, म्हणजे अपडेट, कधी आली ती तारीख पाहायची. सहा महिने कुणी फिरकलेलं नसेल तर आपणही फिरकायचं नाही. शिव्या देणारे अभिप्राय आधी वाचायचे, कारण त्यांच्यातच खरी माहिती असते. आणि दोन तास पुरे व्हायच्या आत ठरवायचं, कारण तेवढ्यात परत केला तर दुकान पैसे परत देतं. ते दोन तास मी उजव्या हातावर जाड पायमोजा चढवून खेळायची, म्हणजे बोटं आमच्या माणसांसारखी जड होत. शिपाई दारातून डोकावून जायचे.

एवढी खबरदारी घेऊनही जे व्हायचं ते झालंच, आणि ते वच्छलाबाईंच्या बाबतीत झालं.

वच्छलाबाई आर्वी तालुक्यातल्या रोहण्याच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरची पिठाची चक्की त्याच चालवत. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली, पाय सावरला, हात तसाच राहिला. सून मंगला त्यांना पुलगावला गाडी बदलून वर्ध्याला आणायची. एवढा प्रवास करून आलेली बाई माझ्यासमोर बसायची आणि एकच विचारायची, चक्की कधी सुरू करता येईल? मी म्हणायची, होईल, दिवाळीपर्यंत बघा कसा फरक पडतो. खुंट्यांच्या फळीकडे त्या रागाने पाहत. एकदा म्हणाल्या, "म्याडम, हे लेकरायचं काम हाय. मले चक्कीपाशी न्या."

त्यांच्यासाठी मी नावेचा खेळ शोधला. एक संथ नदी, आपण नावाडी, या काठचं माणूस त्या काठी पोचवायचं. घड्याळ नाही. दहा घाट व्हायचे होते, तयार तीनच होते. तिसऱ्या वळणापुढे धुकं होतं आणि नाव हळूच माघारी फिरायची. शिव्या देणारे लिहीत होते की खेळ फार हळू आहे, काही घडत नाही, नाव बुडतसुद्धा नाही. मला हेच पाहिजे होतं. दांडी किती दाबली की नाव किती वळावी, हेही कमीजास्त करता येत होतं. शेवटची दुरुस्ती तीन आठवड्यांपूर्वीची. तरी मी नऊ दिवस लावले. रोज पान उघडायचं, वाचायचं, बंद करायचं. रामदासचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. शेवटी घेतला, पायमोजा घालून पावणेदोन तास नाव हाकली आणि परत न करता ठेवून घेतला.

एक मात्र केलं नाही. खेळ अपुरा आहे हे वच्छलाबाईंना सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, त्यांना काय करायचंय? रामदासला सांगून पस्तावले होते, तेव्हा आता न सांगणं हाच मला शहाणपणा वाटला.

कंट्रोलर टेबलाला पट्ट्यांनी बांधला, त्यांचा उजवा अंगठा दांडीवर ठेवला. पहिल्या दिवशी नाव जागीच गरगरली. दुसऱ्या आठवड्यात सरळ गेली. पाचव्या आठवड्यात त्यांनी पहिल्या घाटावरच्या म्हातारीला तिच्या बकरीसकट पार नेलं आणि मनगट आपोआप वर उचललं गेलं. मंगलाने ते पाहिलं, मी पाहिलं, त्यांनी नाही पाहिलं. त्या बकरीकडे पाहत होत्या. पुढे पुढे त्या आल्याबरोबर विचारू लागल्या, बुढी थांबली असन ना घाटावर? हाताच्या नोंदी दर आठवड्याला सुधारत होत्या, आणि मी कधी नव्हे ती निर्धास्त झाले होते.

मग एका मंगळवारी त्या आल्या. मी संगणक सुरू केला, खेळ उघडला. पडद्यावर नवीन चित्र होतं. मला वाटलं, रंग बदलले असतील. नाव घाटावरून सुटली आणि पाणी जोरात ओढू लागलं. खेळणाऱ्यांच्या मागणीवरून बनवणाऱ्याने नदीला धार दिली होती, खडक टाकले होते, आणि नाव बुडू शकेल अशी करून ठेवली होती. दुरुस्ती आपोआप उतरली होती. ती थांबवून ठेवता येते हे मला ठाऊक होतं. मी ते केलं नव्हतं. दांडी हलकी-जड करायची सोयही जागेवर नव्हती. मी माऊसकडे हात नेईपर्यंत नाव खडकावर आदळली, उलटली, आणि म्हातारी बकरीसकट पाण्यात गेली. खेळ कुठवर आला होता त्याची जुनी नोंदही पुसली गेली होती. खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करा म्हणत होता.

वच्छलाबाई ओरडल्या नाहीत. डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी पदराखाली घेतला. मी घाईघाईने काहीबाही सांगत होते, नवीन आवृत्ती आली, मी बघते, पुढच्या वेळेस नीट होईल. त्यांनी मंगलाला गाडीची वेळ विचारली आणि त्या उठल्या.

पुढच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन केला तर मंगला म्हणाली, आई येत नाही म्हणतात, कारण सांगत नाहीत. दरम्यान मी बनवणाऱ्याला माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं होतं आणि दिवसातून चार-चारदा ईमेल उघडून पाहत होते. उत्तर नव्हतं. लकव्यानंतरचे पहिले काही महिने सर्वांत मोलाचे असतात, आणि वच्छलाबाईंचे ते महिने भराभर चालले होते. घरी भात करपू लागला. स्वप्नात नाही, पण दुपारी चहा पिताना मला तो पदराखाली गेलेला हात दिसायचा.

तिसऱ्या आठवड्यात रजा टाकून मी रोहण्याला गेले.

चक्की घराच्या पुढच्या खोलीत होती, कुलूप लावलेली. वच्छलाबाई ओसरीवर डाव्या हाताने तूर निवडत बसल्या होत्या. मला पाहून दचकल्या. मंगलाला चहा ठेवायला सांगितलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "काय भरून द्यायचं असन तं सांगा म्याडम. माह्या हातानं तुमची मशीन बिघडली."

मला क्षणभर समजलंच नाही. मग समजलं. तीन आठवडे ही बाई या ओझ्याखाली होती. नाव आपल्या हाताने बुडवली, सरकारी का कुणाची वस्तू मोडली, आणि हा हात आता कशालाच लावण्याच्या लायकीचा नाही, असं तिने धरून ठेवलं होतं.

मी सगळं सांगितलं. खेळ पुरा झालेलाच नव्हता, तो बनवणारा माणूस दूरच्या देशात आहे, अजून बनवतोच आहे, त्याने मध्येच नदी बदलली, आणि ती बदलू नये म्हणून जे बटण दाबायचं ते मी दाबलं नाही. तुमच्या हाताचा यात काही दोष नाही.

त्यांनी तूर निवडणं थांबवलं. "मंग अर्धवट वस्तू हाय हे मले काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही निराश व्हाल असं वाटलं."

मंगला चहा ठेवून तिथेच उभी राहिली. मग वच्छलाबाईंनी उजवा हात मांडीवर उघडा ठेवला आणि त्याच्याकडे पाहत म्हणाल्या, "हाताचंबी असंच सांगून राह्यले का तुमी? होईन, होईन म्हणून?"

सव्वीस वर्षं मी या कामात होते. हा प्रश्न मला कुणी असा विचारला नव्हता, किंवा विचारला असेल तर मी कानाआड केला असेल. मला सगळं ठाऊक होतं. मनगट आणखी सुधारलं असतं, मूठ बहुधा घट्ट झाली असती. बोटांचं बारीक काम, चिमटीतली जाण, ती येण्याची आशा फार थोडी होती. त्यांच्या कागदावर मी ते लिहिलंही होतं, इंग्रजीत. तोंडाने मात्र दिवाळी सांगत होते. रामदासला लाटणं येईल म्हणून सांगणारी मी आणि ही मी वेगळी नव्हते.

मी म्हटलं, "मूठ होईल असं मला वाटतं. बोटांची चिमटी पहिल्यासारखी होणार नाही बहुतेक. नक्की मलाही माहीत नाही."

मंगलाने पदर तोंडाला लावला. वच्छलाबाई रडल्या नाहीत. त्यांनी मला चक्कीत नेलं, मंगलाकडून कुलूप उघडवलं, आणि दोन बोटं अंगठ्यावर घासून दाखवली, डाव्या हाताची. पीठ पडू लागलं की दळणारी बाई ते चिमटीत असं चोळून पाहते. त्यावरून जाड का बारीक ते कळतं आणि दळायच्या पाट्यांमधलं अंतर कमीजास्त करणारं चाक किती फिरवायचं ते ठरतं. लोक लांबून दळण आणत ते वच्छलाबाईंच्या त्या चिमटीसाठी. आता ती उजवी चिमटी येणार नाही, हे त्यांनी माझ्या तोंडून ऐकलं होतं. "डाव्या हाताले पीठ समजत नाई," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पण शिकवून पाहाव लागन."

त्या दिवशी मी माझं खरं काम केलं, जे मला पहिल्याच महिन्यात करायला हवं होतं. चक्कीभोवती फिरून मापं घेतली. धान्य ओतायचं पत्र्याचं तोंड छातीच्या वर होतं. त्यापुढे पायरी टाकायची आणि डबा मंगलाने चढवायचा असं ठरलं. चालू-बंदचा खटका डाव्या बाजूला घ्यायचा. पाट्यांचं चाक गुळगुळीत आणि लहान होतं, त्याला लाकडी आडवा दांडा बसवला की मुठीने फिरणार होतं. मोटारीच्या पट्ट्याला जाळी हवी होती, कारण स्पर्श न समजणारा हात पट्ट्याजवळ जाऊ देण्याची मला भीती वाटत होती. गावातल्या सुताराने आणि वेल्डिंगवाल्याने हे पंधरा दिवसांत केलं. माझा जीव त्या पंधरा दिवसांत थाऱ्यावर नव्हता. ही बाई माझ्या शब्दावर यंत्रापाशी उभी राहणार होती.

बनवणाऱ्याचं उत्तर आलं ते याच सुमारास. त्याने माफी मागितली होती. कुणी असा खेळ असल्या कामासाठी वापरत असेल हे त्याला ठाऊक नव्हतं. जुनी आवृत्ती त्याने पुन्हा उपलब्ध करून दिली, ती कशी निवडायची ते पायरीपायरीने लिहिलं, आणि शेवटी प्रामाणिकपणे कळवलं की पुढचे घाट होतील की नाही हे तो सांगू शकत नाही, घरची परिस्थिती बरी नाही. मी ते पत्र दोनदा वाचलं. माझ्यापेक्षा तो बरा माणूस निघाला.

वच्छलाबाई पुन्हा येऊ लागल्या. पत्रात काय आहे ते मी त्यांना सगळं सांगितलं. नाव हाकायची का नाही हे त्यांनी ठरवायचं होतं. त्यांनी दोन मंगळवार नुसतं बसून पाहिलं आणि तिसऱ्या मंगळवारी अंगठा पुढे केला.

चक्की सुरू झाली त्या दिवशी मी तिथे होते. पहिलं दळण शेजारच्या घरची ज्वारी. मंगलाने डबा चढवला, पीठ पडू लागलं, वच्छलाबाईंनी ते डाव्या चिमटीत घेतलं आणि चोळत राहिल्या. मग उजवी मूठ दांड्यावर ठेवून चाक थोडं फिरवलं. पीठ जाडच आलं. शेजारीण म्हणाली, चालते. वच्छलाबाई म्हणाल्या, चालत नाही, आणि ते पुन्हा दळलं. महिनाभर पीठ कधी जाड, कधी फार बारीक. काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, ती परत आली नाहीत. आता त्या आठवड्यातून चार दिवस चक्की चालवतात. चाक बहुतेक वेळा मंगला फिरवते, हे मी लपवणार नाही.

रामदासला भेटायला मी जामला गेले होते. तो त्याच ढाब्यावर गल्ल्याशी बसतो. त्याने चहा पाजला, खेळाचा विषय काढला नाही. मला तो काढायचा होता. जमलं नाही.

नोकरीच्या अखेरच्या महिन्यात तळेगावचे एक निवृत्त ग्रामसेवक आले. उजवा हात, नुकताच गेलेला. त्यांना नावेच्या खेळासमोर बसवलं. मी सांगितलं की खेळ अपुरा आहे, तीनच घाट आहेत, पुढचे होतील याची खात्री नाही. हा पसंत नसेल तर दुसरं काही बघू. त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे पाहत होते.

"म्याडम, खेळाचं राहू द्या. माहा हात होईन का?"

खरं बोलायची सवय झाली तरी भीती जात नाही, माणूस उठून जाईल अशी. मी म्हटलं, "आज काय होतं ते आधी पाहू. पुढचं मला माहीत नाही. जेवढं कळेल तेवढं दर आठवड्याला सांगत जाईन."

दाराशी त्यांची मुलगी पिशवी घेऊन उभी होती. ती निघायच्या तयारीत आहे असं मला वाटलं. मग त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाशी धरला, उचलून टेबलावर आणला आणि अंगठा स्वतःच दांडीवर नेऊन ठेवला.